बिननावाच्या पोस्टल ऑर्डरी

४ नोव्हेंबर १९६३

नवी वही घेतली. साठ नये पैसे, स्वतःच्या खिशातून. हे मुद्दाम लिहून ठेवतो. उद्या तपासणीच्या साहेबांच्या हाती वही पडली, तर पोस्टमास्तर धर्मपाल सरकारी कागद घरी वापरतो असा ठपका नको.

डायरी लिहिण्यात धोका एकच, की कोणीतरी वाचतं. माझ्या घरात तो नाही. माझ्या बायकोला, कौसल्येला, अक्षरओळख नाही. छप्पन साली दीक्षा घेऊन आम्ही नागपूरहून परतलो तेव्हा देवांची फळी रिकामी झाली. तिच्यावर ही वही उघडी टाकली तरी घरात वाचणारा मी एकटाच.

आजचं कामकाज: सोळा कार्डं, चार पाकिटं, एक रजिस्टर पत्र, तेही पत्ता चुकलेलं. वडझरी गाव पत्र लिहिण्याच्या बाबतीत फार आळशी आहे. बोरी अरबला माझा मित्र पोस्टात आहे, त्याला म्हणे जेवायला वेळ मिळत नाही. मला दोनदा जेवायला वेळ मिळतो.

टपाल गेल्यावर एक बाई आल्या. मोतीबाई. कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीत दोन महिन्यांपूर्वी राहायला आल्या आहेत. वय पस्तिशीच्या आसपास, अंबाडा घट्ट, बोलणं त्याहून घट्ट.

"मास्तर, पैसे घ्यायची एखादी अशी रीत सांगा, का देनाऱ्याले परत मागता नाई आले पाह्यजे, मधल्याले खाता नाई आले पाह्यजे, आन् गावाले कळलं नाई पाह्यजे."

खात्यात मला अकरा वर्षं झाली. इतका स्वच्छ प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली.

मागच्या गावी त्यांचे पैसे एका किराणा दुकानदाराकडे जमा होत. देणारे त्याच्याकडे देत, तो वहीत मांडून ठेवी. चार वर्षांनी मोतीबाई मागायला गेल्या, तर म्हणाला, कोणते पैसे? जा, पोलिसात जा. चारशे रुपये होते.

"आन् मी कोन्त्या तोंडानं पोलिसात जाऊ, सांगा," असं त्या म्हणाल्या. मला दुकानदाराचा भयंकर राग आला. कष्टाचे पैसे बुडवतो म्हणजे काय!

आता त्या राहतात ते दोन खोल्यांचं घर घाटंजीच्या देवीलाल कापडवाल्याचं आहे. तो सातशेला विकायला तयार आहे. शंभर बयाणा दिला, तीनशे पेटीत आहेत, तीनशे जानेवारीअखेर द्यायचे. पण देवीलालची अट आहे, घर चांगल्या चालीच्या बाईलाच देणार. काही कानावर आलं तर बयाणाही गेला आणि घरही गेलं.

"सात गावी सात भाड्याच्या खोल्या झाल्या, मास्तर. कोनी निघ म्हनलं का निघा लागते. आठवी मले माझी पाह्यजे."

त्या काय काम करतात ते मी विचारलं नाही. पैसे कशाचे हे खिडकीवर विचारू नये, असं माझं पहिल्यापासूनचं तत्त्व आहे. मनीऑर्डर सुचवली. सरकारी, पावती मिळते, मधला कोणी नाही. त्या समाधानाने गेल्या.

८ नोव्हेंबर

मनीऑर्डरीचा विचका झाला.

सकाळी जिनवाले रामलालशेठ स्वतः आले. दहा रुपये, वडझरीहून वडझरीला. शेठच्या गादीपासून मोतीबाईंचं घर दोनशे पावलं असेल. मी म्हटलं, शेठजी, पायी द्या की. ते म्हणाले, "नाई नाई, सरकारी कामात गंमत न्यारी." पाठवणाऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं: एक हितचिंतक. नियमात बसत नाही, म्हणून मी पूर्ण नाव-पत्ता लिहून घेतला. शेठला घाम फुटला. दहा रुपयांसाठी एवढा घाम! मारवाडी माणूस पैशाला किती जपतो ते यावरून समजावं.

आमचा पोस्टमन रामधन. माणूस सोन्यासारखा, पण गळा बैलबाजारातला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मनीऑर्डरीच्या कूपनावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची त्याला वर्षानुवर्षांची सवय. आज शुक्रवार, आठवडी बाजार. मोतीबाई भाजीच्या दुकानापाशी दिसल्या, तर हा तिथूनच ओरडला, "मोतीबाईऽ! दहा रुपये आले व्हऽ! लिवलं हाये, मंगळवारी तीन वाजता येतो, चहात साखर कमी टाकजा!"

वांगी मोजणारा हात थांबला म्हणतात.

नशीब, नाव वाचायच्या आत मोतीबाईंनी कूपन हिसकावलं. संध्याकाळी पोस्टात आल्या त्या तापलेल्या तव्यासारख्या. "मास्तर, यापेक्षा गावात डोंडी पिटनं स्वस्त पडलं असतं!"

मी रामधनला समज दिली. तो म्हणाला, "साखर कमी टाकाले सांगतलं, त्यात काय बिघडलं?" मलाही नीटसं कळलं नाही. पण ग्राहकाचं समाधान महत्त्वाचं.

९ नोव्हेंबर

रात्रभर विचार करून सकाळी उपाय सापडला. इंडियन पोस्टल ऑर्डर! खिडकीवर पैसे द्या, छापील कागद घ्या. घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवता येतं, देणाऱ्याचं नाव लागतच नाही. हातात दिली की दिली. इथे वटवायची सक्ती नाही, यवतमाळला वटवावी आणि तिथल्याच बचत खात्यात टाकावी. रामधनचा गळा वाटेत कुठेच येत नाही.

मोतीबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "आन् खात्याले नवऱ्याची सही?"

"नको."

"बापाची? भावाची?"

"कोणाचीच नको. फक्त तुमची."

त्यांनी कागद परत सरळ धरला. मग म्हणाल्या, "एवढी सोय सरकारनं केली, आन् मले कोनी सांगतलं नाई."

एकच अडचण मी दाखवून दिली. पोस्टल ऑर्डर लोक घेतात ती परीक्षेची किंवा नोकरीच्या अर्जाची फी भरायला. गावातला माणूस घ्यायला आला तर काय सांगेल?

"परीक्षेचीच सांगन," मोतीबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. छान हसतात.

१९ नोव्हेंबर

गेल्या संपूर्ण वर्षात या ऑफिसातून अकरा पोस्टल ऑर्डरी विकल्या गेल्या. या दहा दिवसांत नऊ!

आज सरपंच पुंजाजी पाटील आले. वय अठ्ठावन्न, नऊ वर्षं सरपंच आणि नऊ वर्षं अंगठेबहाद्दर. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "एक दहाची देजा. परीक्षेची फी भराची हाये."

"कोणाची परीक्षा, पाटील?"

"माहीच."

"कोणती?"

ते विचारात पडले. "मोठी," म्हणाले.

रामलालशेठही दोन घेऊन गेले. कशाची परीक्षा, तर "इंग्रजी." पोलीस जमादारांनी एक घेतली. त्यांनी काहीच सांगितलं नाही, फक्त मिशीवरून हात फिरवला. फौजदारीच्या परीक्षेला बसत असणार.

२४ नोव्हेंबर

मला सगळं समजलं.

आज रविवार म्हणून जिनाकडे फिरायला गेलो होतो. मोतीबाईंच्या दारातून पुंजाजी पाटील बाहेर पडले. मला बघून त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं आणि बाभळीच्या आड झाले. पाच मिनिटं बाभळीआड उभे राहिले. काटे टोचत असावेत.

मी घरी येऊन एकेक गोष्ट जुळवली. मोतीबाईंचं अक्षर गोल आणि वळणदार आहे. फी आगाऊ घेतात. माणसं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एकटी येतात. सगळी वयस्क. आणि सगळी लाजतात. याचा अर्थ एकच: मोतीबाई प्रौढांचा गुप्त वर्ग चालवतात!

जिल्ह्यात सगळीकडे साक्षरतेची मोहीम चालू आहे. पण सरपंचाने पोरांच्या शाळेत पाटी घेऊन बसावं कसं? शेठने "ए फॉर" कोणासमोर म्हणावं? म्हणून ही सोय. धन्य आहे बाईची.

मी या लोकांना हसणार नाही. माझ्या वडिलांना एकदा पत्र आलं होतं. ते तीन दिवस पत्र घेऊन दारोदार फिरले. कोणी ओट्यावर येऊ देईना, कोणाला वेळ नव्हता. चौथ्या दिवशी एका माणसाने लांबूनच वाचून दाखवलं, की बहीण आजारी आहे, ताबडतोब या. ती आदल्या रात्रीच गेली होती. मी पोस्टात नोकरी धरली ती त्या पत्रामुळे. उतारवयात कोणी शिकत असेल तर त्याची लाज झाकणं माझं काम आहे.

कौसल्येला सांगितलं. ती पदरात तोंड खुपसून इतकी हसली की भाकरी करपली.

"अवो, तुमी खरंच पोस्टातच शोभता," म्हणाली.

मला हे कौतुकच वाटलं.

३ डिसेंबर

शेठने आज विचारलं, "मास्तर, दहाची ऑर्डर मधून फाडून अर्धी आधी, अर्धी नंतर दिली तर चालते का?"

मी साफ सांगितलं, फाटलेली ऑर्डर वटत नाही. आणि शेठजी, विद्या अशी अर्धी अर्धी मिळत नसते. मन लावून करा.

शेठ खिडकीतून आत वाकले. मग म्हणाले, "तुमाले माहीत हाये?"

मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे, आणि माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर जाणार नाही. शेठने माझे दोन्ही हात धरले. संध्याकाळी घरी पाच शेर तुरीची डाळ आली. परत पाठवली. नियम.

कौसल्या डाळीकडे बघत होती ते मला दिसलं. पण नियम.

११ डिसेंबर

मोतीबाई यवतमाळहून पासबुक घेऊन आल्या. एकशे चाळीस रुपये. नावाच्या रकान्यात फक्त "मोतीबाई" आहे, पुढे कोणाची बायको नाही, मागे कोणाची मुलगी नाही. त्यांनी पासबुक कपाळाला लावलं आणि पोलक्यात ठेवलं.

"आता घेनं माह्या हातात आलं. आधी कागद, मंग दार. कोनी घासाघीस केली का मी म्हनतो, पोस्टात जाय, तिथं घासाघीस कर."

मी म्हटलं, "शिस्त पाहिजेच. फुकट मिळालं की माणसं किंमत करत नाहीत."

"व्हय ना मास्तर," त्या म्हणाल्या, "साऱ्या गावात तुमालेच कळलं ते."

१८ डिसेंबर

रामलालशेठच्या पत्नी हंसाबाई पोस्टात आल्या. शेठच्या कोटात पोस्टल ऑर्डरीचा तुकडा सापडला म्हणे. ऑर्डर फाडून दिल्यावर विकत घेणाऱ्याकडे राहतो तो.

"मास्तर, हे कोनाले पैसे पाठवून राह्यले?"

मी सांगितलं, पोस्टाचा व्यवहार गुप्त असतो, बाई. राष्ट्रपती आले तरी सांगणार नाही. (वरिष्ठांनी लेखी मागितलं तर सांगावं लागेल, पण ते मी बोललो नाही.) त्यांचे डोळे भरून आले. मला राहवेना. हळूच म्हटलं, "काळजी करू नका. शेठ काहीतरी शिकत आहेत. त्यांना हसू नका."

"या वयात? काय शिकून राह्यले?"

"ते त्यांनाच सांगू द्या. पण मला वाटतं, इंग्रजी."

हंसाबाई विचार करत गेल्या.

२९ डिसेंबर

आज एक मोठं काम केलं. दारव्ह्याला पंचायत समितीच्या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. वडझरीत मोतीबाई नावाच्या बाई कोणताही गाजावाजा न करता प्रतिष्ठित प्रौढांना शिकवत आहेत, त्यांचा सत्कार व्हावा. विद्यार्थ्यांची नावं अर्थातच दिली नाहीत. गुप्तता म्हणजे गुप्तता.

पत्र टाकल्यावर छाती भरून आली. कौसल्येला सांगितलं तेव्हा तिच्या हातून तांब्या पडला.

८ जानेवारी १९६४

अधिकाऱ्यांचं उत्तर आलं! सव्वीस जानेवारीला ग्रामगौरव समारंभ वडझरीतच. अधिकारी स्वतः येणार, विद्यार्थ्यांची चाचणी घेणार, मोतीबाईंना शाल आणि नारळ देणार. घरमालक देवीलाललाही मी आमंत्रण धाडलं, म्हणजे बाई किती चांगल्या चालीची आहे ते त्याला डोळ्यांनी दिसेल.

धावतच मोतीबाईंकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"मास्तर, तुमी मले मारलं."

विनय म्हणतात तो हा! मी म्हटलं, अहो, देवीलालही येतोय.

"देवीलाल पन?" त्यांनी डोकं धरलं. "साहेब इचारन, कुठं हायेत विद्यार्थी? कोनी उभं राहनार नाई. मंग इचारन, बाई, तू करतं तरी काय? मंग? दोनशे ऐंशी झाले होते माहे, मास्तर. ईस रुपये बाकी होते."

त्या रडायला लागल्या. मला काय करावं सुचेना. मी म्हटलं, तुम्ही एवढ्या मेहनतीने शिकवलं आहे, पोरं नापास होणार नाहीत. विद्यार्थ्यांवर विश्वास ठेवा.

रडता रडता त्या थांबल्या. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मी शर्टाची बटणं तपासली.

"तुमाले खरंच असं वाटते," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. मग डोळे पुसले. "किती दिस हायेत?"

"अठरा."

"बाराखडीले पुरतात का?"

"मन लावलं तर पुरतात."

"मन मी लावतो त्याहीचं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

१० जानेवारी

सकाळी पोस्ट उघडायच्या आधी पायरीवर सरपंच, शेठ आणि जमादार तिघे बसलेले. तिघांची तोंडं सुतकी.

पुंजाजी पाटलांनी विचारलं, "मास्तर, ते ऑर्डरी कोनी घेतल्या, कोन्त्या नंबराच्या, ते लिवलेलं असते का तुमच्यापाशी?"

ऑर्डरीवर नाव नसलं तरी विक्रीच्या वेळी मी आपला नंबर आणि माणूस माझ्या टिपणवहीत मांडून ठेवतो. तसा नियम नाही, पण सवय चांगली. त्यांना सांगितलं, सगळं लिहिलेलं आहे, आणि कुलपात आहे.

"मोतीबाईनं हेच सांगतलं," शेठ जमादारांना म्हणाले.

"वरून कोनी मागतलं तर?" जमादार.

"लेखी मागितलं तर द्यावं लागेल."

तिघेही उठले. पाटील म्हणाले, "चाला. पाट्या घ्या लागतीन."

गावाची शिक्षणाची तळमळ बघून मला गहिवरून आलं.

१७ जानेवारी

वर्ग आता उघड्यावर भरतो, मोतीबाईंच्या अंगणात, दुपारी तीनला. माझी सुट्टी होताच मी बघायला जातो. पाटील पाटीवर "ग" गिरवतात आणि प्रत्येक "ग"ला शिवी देतात. मोतीबाईंच्या हातात निंबाची छडी असते. शेठला त्यांनी दोन वेळा उभं केलं. फी अजूनही आगाऊ, ऑर्डरीनेच. उघड वर्गालाही? मी विचारलं. "आता तर डबल," त्या म्हणाल्या. बाकी राहिलेले वीस रुपये पहिल्याच दिवशी पुरे झाले.

मोतीबाईंना इंग्रजी फार येत नाही, अमरावतीला असताना एका पोराच्या पुस्तकातून शिकल्या तेवढंच. शेठना तेवढंच शिकवलं.

हंसाबाई रोज फाटकाशी उभ्या राहून बघतात. आज मला म्हणाल्या, "मास्तर, तुमी खरं सांगतलं होतं. मी उगाच नाई नाई ते मनात आनलं."

नाही नाही ते म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

२६ जानेवारी

आज सगळं सविस्तर लिहितो.

ग्रामपंचायतीसमोर मंडप. अधिकारी, अख्खं गाव, पुढच्या रांगेत घाटंजीचा देवीलाल, हाताची घडी घालून. मोतीबाई पांढऱ्या साडीत, तोंड साडीहून पांढरं. जमादारांनी बंदोबस्ताचं कारण सांगून मंडपाबाहेर राहणं पसंत केलं.

आधी शेठ. उभे राहिले, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाले, "माय नेम इज रामलाल. आय गो टु स्कूल. धिस इज ए काऊ." शेवटच्या वाक्याला पुस्तकात चित्राकडे बोट दाखवायचं असतं. चित्र नव्हतं. शेठनी अधिकाऱ्यांकडे दाखवलं. सगळ्यात मोठ्याने टाळ्या हंसाबाईंनी वाजवल्या.

मग पुंजाजी पाटील. त्यांनी फळ्यावर नाव लिहिलं. "पुंजाजी." "ज"चा काना जरा लांब गेला, पण लिहिलं. अधिकारी म्हणाले, आता काहीतरी वाचून दाखवा. पुस्तक आणायला माणूस धावला, तेवढ्यात पाटलांची नजर पंचायतीच्या ओसरीच्या भिंतीवर गेली. तिथे त्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर एक रंगवलेली पाटी आहे. नऊ वर्षं ते तिच्याखाली बसतात. सणाला तिला हार घालतात. ती आपल्या नावाची पाटी आहे, असं ते सगळ्यांना सांगत आले.

पाटील ओठ हलवायला लागले. "ये... थे... येथे." गाव चिडीचूप. "थु... थुं... थुंकू..."

ते थांबले. परत सुरुवातीपासून वाचलं. मग फिरले आणि मोठ्याने म्हणाले, "येथे थुंकू नये."

कोणी हसलं नाही, कारण पाटील रडत होते. "मले वाचता आलं," ते म्हणाले. "अबे, मले वाचता आलं!" ते खाली आले आणि सगळ्या गावासमोर मोतीबाईंच्या पाया पडले. मग गाव हसलं, रडलं, रामधनने शिट्टी मारली. मोतीबाईंनी तोंडावर पदर घेतला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

देवीलाल उठून म्हणाला, "मास्तरीणबाईले घर मी आठ दिवसांत लिवून देतो." शाल, नारळ, फोटो. फोटोत मी कडेला आलो आहे, अर्धा.

मी माझ्या वडिलांचा विचार करत होतो. पंचवीस वर्षं उशीर झाला. पण झालं.

१ फेब्रुवारी

दारव्ह्याला खरेदीखत झालं. साक्षीदार म्हणून माझी सही. मोतीबाईंनी घराच्या आत जाऊन दार लावलं, आतून कडी घातली, काढली, परत घातली. बाहेर आम्ही उभे. आतून त्यांचा आवाज आला, "थांबा जराशीक. मी पाहून राह्यलो, आपल्या घराची कडी कशी लागते."

१० फेब्रुवारी

हंसाबाईंनी बायकांचा वर्ग सुरू करायला लावला. दुपारी तीनला आता अंगणात बावीस बायका. फी पन्नास नये पैशांची पोस्टल ऑर्डर, आगाऊ. धान्य नको, उधारी नको. मोतीबाई म्हणतात, आता उधारीवर जगायची त्यांना गरज नाही.

एक वाईट वाटतं. शेठ आणि जमादारांनी शिक्षण साफ सोडलं. मोतीबाईच म्हणाल्या, तुमचा अभ्यासक्रम संपला, आता येऊ नका. पुंजाजी पाटील मात्र रोज येतात, बायकांच्या मागे बसतात आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. त्यांना कोणी थांबवू शकत नाही.

कौसल्याही जायला लागली. मी म्हटलं, तुला कशाला? ती म्हणाली, "बारा वर्षं झाली आपल्या लग्नाले. साऱ्या गावाच्या शिक्षणाची काळजी केली तुमी."

 मला खरंच कधी सुचलं नव्हतं.

१३ एप्रिल

उन्हाळा. आजचं कामकाज: एकशे तीन कार्डं, अठ्ठावीस पाकिटं, एकोणीस पोस्टल ऑर्डरी. बायका माहेरी पत्रं लिहितात, माहेर उत्तर देतं. जेवायला वेळ मिळत नाही. मोतीबाई मोठ्या बाई आहेत. फक्त एक कोडं सुटलं नाही. त्या दिवशी "तुमी मले मारलं" असं त्या का म्हणाल्या? निवांत विचार करून उद्या लिहीन.

*

मी कौसल्या लिवते. तुमची वही मी सारी वाचली. एकवीस दिवस लागले. तुमी पोस्टात गेल्यावर रोज थोडी थोडी वाचली. मोतीबाईची गोष्ट तुमी जशी लिवली तशीच राहू द्या, आता तेच खरं हाये. उद्या निवांत विचार करू नका. आन् वही फळीवर ठेवत नका जाऊ. गावातल्या साऱ्या बायाले वाचता येते आता. मी पेटी आनली, कुलूप आनलं. चावी माह्यापाशी हाये.